ती पाच वाजता गेली

माझ्या धाकट्या बहिणीला वाटतं, माझं असं काही नाहीच जे तिला ठाऊक नाही. बाळंतपणातली दुखणी, सासूबाईंशी झालेली भांडणं, एकदा रागाच्या भरात माहेरी निघाले आणि स्टँडवरून परत आले ते — सगळं तिला सांगून झालंय. हे नाही सांगितलं. नवऱ्याला नाही सांगितलं. देवापुढे हात जोडतानासुद्धा हे मनात येऊ लागलं की मी घाईघाईने आरती म्हणायला लागते. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही. किंवा कोण जाणे, नागापूरला एमआयडीसीत आमच्या खानावळीत जेवूनही गेला असाल. गेला असाल तर भाकरीचं कौतुक करूनच उठला असाल.

तिथूनच सुरू करावं लागेल — भाकरीपासून.

माझं माहेर राहुरीकडचं, कालव्याच्या पाण्याखालचं. आमच्याकडे गहू. चपाती मी डोळे मिटून लाटीन. लग्न करून आले ती खर्ड्याच्या बाजूच्या माणसांत, जिथे दोन्ही वेळा ज्वारी आणि पाहुणा आला तरी ज्वारीच. सासूबाईंची भाकरी कागदासारखी पातळ आणि ताटाएवढी. माझी? माझी कडेने चिरायची. तव्यावर टाकताना मधोमध फाटायची. सासूबाई एकदा म्हणाल्या होत्या, "राहू दे, तुला न्हाई जमायचं." वाईट हेतूने म्हणाल्या नसतील. पण मला ते वाक्य आजही त्यांच्या आवाजासकट ऐकू येतं.

सासूबाई गेल्या, आम्ही गाव सोडलं आणि इथे खानावळ टाकली. आमचे हे वाढायला, मी चुलीपुढे. 'चुलीवरची भाकरी' अशी पाटी लावली, कारण कारखान्यातल्या पोरांना गावची आठवण यायची. वीस वर्षं ह्यांनी माझ्या हातची भाकरी खाल्ली. एकदाही नाव ठेवलं नाही. एकदाही चांगली झाली असंही म्हटलं नाही. तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात? खरंच, काय होतं एवढं? पण बाई वीस वर्षं रोज एक गोष्ट करते आणि एका शब्दाची वाट बघते, तेव्हा ते एवढंसं राहत नाही.

मग सोजर आली.

आली म्हणजे, एक दिवस समोरच्या बंद शेडच्या ओट्यावर दिसली. भर उन्हाळ्यात अंगात दोन स्वेटर, एकावर एक. काखेत एक गाठोडं. केस कुणीतरी कात्रीने वेडेवाकडे कापलेले. ती कमळीशी बोलायची. कमळी म्हणजे तिची बहीण — ती तिथे नव्हती, कुठेच नव्हती बहुतेक, पण सोजर तिला रागवायची, समजवायची, हसवायची. नाव विचारलं की सोजर सांगायची. गाव विचारलं की उगवतीकडे हात करायची. ऊसतोडीच्या टोळीतून मागे राहिली असं कुणी म्हणे, नवऱ्याने एसटीत बसवून दिलं आणि स्वतः खाली उतरला असं कुणी म्हणे. नीट कुणी विचारलंच नाही. मीही नाही.

हे तिला दुपारी एक ताट नेऊन द्यायचे. माझी काही हरकत नव्हती. उलट बरं वाटायचं. गिऱ्हाइकांसमोर आम्ही चांगली माणसं दिसायचो.

सोजर वाईट नव्हती, कधी कुणाच्या अंगावर गेली नाही. एकच नाद होता — चकाकणारं काही दिसलं की उचलायचं. आमच्या मागेच मोटारी रिवायंडिंग करायचं वर्कशॉप आहे. जळालेल्या मोटारीतली तांब्याची तार काढतात, तुकडे बाहेर पडतात. ते सोजर वेचायची, हाताला गुंडाळायची, गाठोड्यात ठेवायची. कमळीला बांगड्या करायच्यात म्हणायची. हे लक्षात असू द्या.

पावसाळ्यात एकदा मला ताप होता. लाकडं ओली, धुराने डोळे चुरचुरताहेत, भाकरीमागून भाकरी फाटतेय आणि बाहेर पहिल्या पाळीची पोरं ताटं वाजवताहेत. मागच्या दाराशी सोजर उभी. किती वेळ उभी होती कोण जाणे. म्हणाली,

"आक्का, सरा. म्या करते."

मी सरकले. तापात होते म्हणून सरकले, नाहीतर सरकले नसते. तिने हात धुतले — मी सांगण्याआधी, कोपरापर्यंत. परातीतलं माझं पीठ बाजूला सारलं. तिच्या उजव्या हाताचं मधलं बोट अर्धंच होतं. कसं गेलं ते दर वेळी वेगळं सांगायची. त्या हाताने तिने भाकरी थापली आणि ती परातीत फिरायला लागली, कुणी फिरवत नसल्यासारखी. तव्यावर पाण्याचा हात फिरवला, विस्तवाला लावली, आणि भाकरी टम्म फुगली. दुसरी फुगली. दहावीही फुगली. तेवढ्या वेळात ती कमळीशी एक शब्द बोलली नाही.

हे एक भाकरी घेऊन मागे आले. ताटात नाही — हातात घेऊन. वरच्या पापुद्र्यावर तिच्या बोटांचे ठसे उठले होते, तीन पूर्ण आणि मधलं अर्धं. त्यांनी ती भाकरी मला दाखवली. मलाच! म्हणाले,

"आईच्या हातची खाल्ल्ती अशी. त्याच्यानंतर आज."

तुम्हाला वाटेल, आता ही नवऱ्याच्या आणि त्या बाईच्या संशयाबद्दल सांगणार. छे हो. तसं असतं तर मी चारचौघींत रडले असते, बहिणीला फोन केला असता, लोकांनी माझी बाजू घेतली असती. ह्यांच्या मनात तसलं काही नव्हतं, मला पक्कं ठाऊक होतं. ते तिच्याकडे बघायचेही नाहीत. ते भाकरीकडे बघायचे. आणि भाकरीचा हेवा वाटतो म्हणून बाई कुणाजवळ रडणार?

पण जळायचे मी. जिला घर नाही, माणूस नाही, जिचं डोकंही धड तिचं नाही, तिच्यावर मी जळायचे. तिच्याकडे एकच गोष्ट होती आणि नेमकी तीच मला हवी होती. पोरं विचारायला लागली, "वहिनी, आज भाकर मावशीची का?" मी हो म्हटलं की तीनच्या जागी चार मागायची. नाही म्हटलं की माझ्या भाकरीच्या कडा ताटात ठेवून उठायची. मी त्या कडा गोळा करायचे आणि मोजल्यासारखं बघत बसायचे. सोजरचे वाईट दिवस असायचे — पाण्यात कुणीतरी पावडर टाकतंय म्हणायची, रस्त्याच्या मधोमध उभी राहून कमळीला शिव्या द्यायची, तीन-तीन दिवस चुलीकडे फिरकायची नाही. लोक म्हणायचे, अरेरे. मीही म्हणायचे, अरेरे. आणि आत चुलीपुढे बसून मला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू? बरं वाटायचं.

चार-पाच महिने असे गेले. मग मी तिला चूल बंद केली. गिऱ्हाईक नावं ठेवतं म्हटलं, स्वच्छतेचं कुणी काही काढलं तर खानावळ बंद पडेल म्हटलं. तिला तोंडावर काही सांगितलं नाही, फक्त मागचं दार लावून घ्यायला लागले. ती दोनदा येऊन दारावर हात ठेवून गेली. ह्यांनी दोन दिवस नुसता भात खाल्ला.

आता त्या दिवसाकडे यायला हवं. मी मुद्दाम लांबण लावते आहे, तुमच्या लक्षात आलंच असेल.

एका कारखान्याचे साहेब, कॅन्टीनचं बघणारे. ते सोजरच्या दिवसांत आमच्याकडे एकदा जेवून गेले होते. त्यांच्या कॅन्टीनचं जेवण बाहेरून घ्यायचं ठरत होतं. सुट्टीचा वार होता, कारखाने बंद, आमच्याकडे नेहमीचं गिऱ्हाईक नाही. हे गावाला दहाव्याला गेलेले, दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होते. दुपारी साहेबांचा फोन आला. संध्याकाळी सहाला चौघांना घेऊन येतो, ती भाकरी पुन्हा खाऊ घाला, सगळ्यांना आवडली तर कॅन्टीन तुमचं.

ती भाकरी.

मी एकटी चुलीपुढे बसले. पहिली फाटली. दुसरी चिरली. तिसरी जमली, पण फुगली नाही. हातातला गोळा मी परातीत आपटला. मग पावणेपाचला रस्ता ओलांडून समोरच्या ओट्यावर गेले आणि म्हटलं, सोजर, चल.

तिने का म्हणून विचारलं नाही. इतके दिवस दार का लावलंत म्हणून विचारलं नाही. गाठोडं उचललं आणि कमळीला म्हणाली, "बघ गं, आक्कानं बोलावलं." आनंदाने म्हणाली. ते मला नको होतं — तिने रागवायला हवं होतं.

पावणेपाचपासून आठ वाजून जाईपर्यंत सोजर माझ्या चुलीपुढे होती. हे मी इथे स्पष्ट लिहिते, कारण हेच मी कुठे लिहू दिलं नाही. मागच्या बाजूला पत्र्याच्या आडोशाला चूल आहे, पुढून दिसत नाही. तिने भाकऱ्या केल्या, मी शेजारी बसून बघितलं. त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितलं — जळत नाही, शिकत. एका भाकरीपुरतंच पीठ घ्यायची. पाणी कढत. तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने मळायची, पीठ लोण्यासारखं होईपर्यंत, आणि मळलं की क्षणभरही ठेवायची नाही, लगेच थापायची. मी सगळं डोळ्यांत साठवून घेतलं.

साहेब आले. जेवले. दुसऱ्या भाकरीला त्यांनी हाक मारली, "बाई, जरा बाहेर या!" थापण्याचा आवाज बाहेर जात होता. मी सोजरच्या हातावर हात ठेवला — थांब. ती थांबली. गोळा हातात तसाच धरून, मान खाली घालून, माझी परवानगी मिळेपर्यंत बसून राहिली. मी पदराने हात पुसत बाहेर गेले.

"ह्या भाकरी तुम्ही स्वतः केल्या? फार चांगल्या झाल्यात!"

"हो. माझ्याच हातच्या."

पाचही जण माझ्याकडे बघत होते. वीस वर्षं ज्या शब्दाची वाट बघितली तो परक्या माणसाने उच्चारला, आणि मी तो घेतला.  सोजर आठनंतर जेवून गेली. जाताना म्हणाली, "उंद्या येऊ का?" मी म्हटलं, बघू.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे पहिल्या एसटीने आले. पाठोपाठ साहेबही आले, चहा घेत बाकावर बसले आणि ह्यांना म्हणाले, अहो, तुमच्या बाईंच्या हाताला तोड नाही. हे माझ्याकडे वळले. तुम्हाला कसं सांगू ती नजर? नव्या नवरीकडेही त्यांनी असं बघितलं नव्हतं. म्हणाले, "तू केल्या? तुला जमल्या?" मी लाजले. खरंच लाजले हो, त्या वयात.

आणि तेवढ्यात दारात हवालदार उभा राहिला. मागे सोजर, तिच्या दंडाला धरलेली एक पोलीस बाई.

मागच्या रिवायंडिंगच्या वर्कशॉपात चोरी झाली होती. मालक पाचला कुलूप लावून लग्नाला गेला, आठला परत आला तर कुलूप तुटलेलं, तांब्याच्या तारेची नवी भेंडोळी गायब. भेंडोळी सापडली नव्हती. सापडली होती सोजर, आणि तिच्या गाठोड्यातले तारेचे तुकडे.

"बाई, ही तुमच्याकडं येत-जात असती म्हन," हवालदार म्हणाला. "काल पाच ते आठ ही कुठं हुती, तुमाला म्हाईत हाय का?"

सोजर माझ्याकडे बघून हसली. तिला वाटलं, घरी आलो.

एक वाक्य हवं होतं. ती माझ्या चुलीपुढे भाकरी करत होती — बस, एवढंच. पण डाव्या हाताला साहेब चहाचा कप घेऊन बसले होते, आणि उजव्या हाताला हे उभे, डोळ्यांत अजून ती नजर. ते वाक्य बोलले असते तर ती नजर गेली असती. कॅन्टीन गेलं असतं ते वेगळंच, पण शपथेवर सांगते, कॅन्टीन माझ्या मनातही आलं नाही. मला ती नजर सोडवेना. ती मी पुन्हा सोजरला कशी देऊ?

मी म्हटलं, "काल सुट्टी होती. पाणी प्यायला आली होती. ती पाच वाजता गेली."

पाचच का? हवालदाराने पाच म्हटलं होतं. मी नुसतं तेच उचललं. आवाजही चांगला निघाला, घराचा पत्ता सांगावा इतका सहज.

हवालदाराने सोजरला विचारलं, "पाचला गेल्तीस का?"

"व्हय," सोजर म्हणाली.

तिचं असंच होतं. दरडावून विचारलं की व्हय म्हणायची. आकाश हिरवं आहे का विचारलं असतं तरी व्हय म्हणाली असती. पण ती माझ्याकडे बघून व्हय म्हणाली. आक्का म्हणते म्हणजे तसंच असेल.

हे पुढे झाले. "ती चोरी करायची न्हाई हो. तिला त्यातलं कळत न्हाई."

"कळत न्हाई म्हनूनच करत्यात," हवालदार म्हणाला, आणि लिहायला बसला. माझा जबाब त्याने वाचून दाखवला. मी सही केली. माझी सही चांगली आहे, बारावी शिकलेली आहे मी.

ते तिला घेऊन गेले. साहेब म्हणाले, अशा लोकांचं काही सांगता येत नाही बुवा. दुरडीत रात्रीच्या दोन भाकऱ्या उरल्या होत्या. वर बोटांचे ठसे — तीन पूर्ण, मधलं अर्धं. ह्यांना भूक लागली होती, ते मागे यायच्या आत मी त्या कुस्करून कोंबड्यांपुढे टाकल्या. आणि ह्यांना पोहे करून दिले.

त्या दिवशी घाबरले होते, गडबडले होते, असं म्हणून मी स्वतःला सोडवू शकले असते. काही दिवस तसं म्हणतही होते. पण दोन-अडीच महिन्यांनी एक वकील मॅडम आल्या. तरुण, खांद्याला कापडी पिशवी, गरिबांच्या केसी फुकट लढणाऱ्या. हे तेव्हा कॅन्टीनला डबे पोचवायला गेले होते. भाकरी पुन्हा का फाटते विचारलं की मी ज्वारी जुनी लागली म्हणायचे आणि डब्यांत चपात्या भरायचे. मॅडम एकट्या, मी एकटी. पोलीस नाही, साहेब नाही. मॅडमनी सांगितलं, सोजर तुरुंगात आहे. तिथे रात्रंदिवस कमळीशी बोलते म्हणून बाकीच्या बायका तिला मारतात. कोर्टात नाव विचारलं तर गप्प राहिली, गुन्हा विचारला तर व्हय म्हणाली. जामीन झाला आहे, पण जामीनदार कुणी नाही — सातबारा घेऊन कुणीतरी उभं राहायला हवं. आणि एक गोष्ट ती सारखी सांगते. काल संध्याकाळी मी आक्काच्या चुलीवर भाकरी करत हुते. किती महिने झाले तरी तिच्या लेखी ते कालच होतं.

"हे खरं आहे का?" मॅडमनी विचारलं. "खरं असेल तर ती सुटते. नीट आठवून सांगा."

दुसरी संधी कुणाला इतकी सरळ मिळते? चहा ठेवून, समोर बसून, नीट आठवून सांगा. मी आठवलं. सगळं आठवलं. आणि म्हटलं,

"डोकं ठिकाणावर नाही हो तिचं, मॅडम. ती असं बरंच काही बोलते."

तिचा आजारच मी तिच्याविरुद्ध साक्षीला उभा केला. मॅडमनी चहाचा कप खाली ठेवला. मग पिशवी उचलून गेल्या. जामिनाचं ह्यांच्या कानावर दुसरीकडून आलं. ते म्हणाले, आपण उभे राहू, गावच्या जमिनीचा सातबारा कुठे आहे? तो माझ्याच पेटीत होता, लग्नातल्या शालूखाली. मी म्हटलं, गावाकडेच राहिला असेल. ह्यांनी दोन दिवस शोधला, मग कामाच्या गडबडीत राहून गेलं. आणि मी त्या काळात रोज, कुणाचं लक्ष नसताना, कढत पाण्यात एका भाकरीपुरतं पीठ मळत होते. तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने. गुढीपाडव्यापर्यंत माझी भाकरी फुगायला लागली.

सोजर आठ महिन्यांनी सुटली. माझ्यामुळे नाही. वर्कशॉपातलाच एक कामगार दुसऱ्या चोरीत सापडला आणि त्याने ही चोरीही कबूल केली. मधले काही महिने तिला मनोरुग्णांच्या दवाखान्यात ठेवलं होतं, औषधं चालू झाली होती. वकील मॅडमच तिला रिक्षाने घेऊन आल्या. म्हणाल्या, दुसरा कुठलाच पत्ता ती सांगत नाही. विचारलं की म्हणते — नागापूर, आक्काची चूल.

मी तिला ओळखलं नाही. स्वेटर नव्हते. केस बारीक, अंगावर दवाखान्यातली स्वच्छ साडी, चेहरा सुजलेला, नजर संथ. कमळी नव्हती बरोबर. ह्यांनी तिला बसवलं, पाणी दिलं, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्यापुढे ते कधी रडले नाहीत. मग म्हणाले, "सोजर, एक भाकर करती का? तुझ्या हातची?"

बघा, आठ महिन्यांनंतरही. माझी भाकरी फुगत होती, सगळं नागापूर खात होतं, आणि त्यांना तिच्या हातची हवी होती. मी पुन्हा तशीच जळले. तिचं मी एवढं वाटोळं केलं होतं, आणि तरी हेवा संपला नव्हता.

ती चुलीपुढे बसली. हात धुतले, कोपरापर्यंत. पीठ घेतलं, एका भाकरीपुरतं. आणि मला दिसलं — हात थरथरत होते. औषधांनी होतं म्हणे तसं. बोटं एकमेकांचं ऐकत नव्हती. भाकरी थोडी फिरली आणि थांबली. कड चिरली. ती उचलायला गेली, मधोमध फाटली. तिने पुन्हा गोळा केला, पुन्हा थापली. पुन्हा फाटली, अगदी जशी माझी फाटायची तशी. हे तोंड फिरवून बाहेर गेले. मॅडम दारात उभ्या होत्या.

आता ऐका. चोरी, जबाब, सातबारा — ते सगळं मी कधीतरी बहिणीला सांगितलंही असतं. रडले असते, तिने पाठीवरून हात फिरवला असता. हे सांगता आलं नसतं. ती दुसरी भाकरी फाटली तेव्हा मला आनंद झाला. वाईट नाही वाटलं, लाज नाही वाटली — आनंद झाला, छातीवरून ओझं उतरावं तसा. आता तिच्याकडे काहीच नाही, असं मला वाटलं. अगदी ह्याच शब्दांत वाटलं.

सोजरने फाटलेली भाकरी परातीत ठेवली. हाताकडे बघितलं, उलटा करून, सुलटा करून. मग उठून बाजूला झाली.

"आक्का, तुमीच करा," ती म्हणाली. "तुमची लई चांगली हुती."

मी बसले. केली. टम्म फुगली. मॅडमनी तिला विचारलं, चांगली झाली का गं? सोजर म्हणाली, "व्हय."

हे म्हणाले, ऱ्हाऊ दे तिला हितं, मागची खोली मोकळीच हाय. मी म्हटलं, त्या खोलीत पिठाची पोती ठेवायची आहेत. मॅडम तिला निराधार बायकांच्या एका आश्रमात घेऊन गेल्या. हे महिन्या-दोन महिन्यांनी जातात भेटायला. येऊन सांगतात, बरी आहे, फार बोलत नाही, भाजी निवडून देते. मी गेलेले नाही. एकदा डब्यात भाकरी बांधून दिली होती. तीसुद्धा तिच्यासाठी दिली की तिला दाखवायला, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

पोती अजून आणलेली नाहीत. खोली मोकळीच आहे.

काल दुपारी एक नवीन गिऱ्हाईक आलं होतं, जामखेडकडचं. दुसरी भाकरी मोडता मोडता म्हणालं, "वहिनी, ही आमच्याकडची भाकर हाय. कुनाकडनं शिकलात?"

हे शेजारीच वाढत होते.

मी म्हटलं, सासूबाईंकडून.